खेळवेड्या माणसाची आठवण लिहायची तर

खेळावर जीव टाकणारा आणि घरासाठीही तेवढाच झिजणारा माणूस गेला की घरचे त्याच्याविषयी चार शब्द लिहायला बसतात आणि पहिल्या दोन ओळींतच अडतात. 'बाबांना खेळाची प्रचंड आवड होती. कुटुंबावर त्यांचं निरतिशय प्रेम होतं.' दोन्ही वाक्यं खरी असतात, पण ती कुणाच्याही वडिलांबद्दल लिहिता येतात. ज्यांनी त्यांना जवळून पाहिलं त्यांना या ओळींत ते सापडत नाहीत, आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्या हाती तर काहीच लागत नाही.

यातून एक वाट निघते, आणि ती नेमकी अशाच माणसाच्या बाबतीत चालते. ज्याला खेळाचं वेड असतं त्याच्या आयुष्याला तारखा असतात. एरवी 'ते साधारण ऐंशी-ब्याऐंशीचं असेल, धाकटी रांगत होती' एवढ्यावर आठवण थांबते. इथे मात्र कुणीतरी म्हणतं, 'त्या दिवशी फायनल होती ना!' फायनलची तारीख छापील मिळते. वार, सुरू झाल्याची वेळ, धावफलक, सगळं मिळतं. त्या खिळ्याला घरातली आठवण टांगता येते. म्हणून लिहिण्याआधी एक तक्ता करावा. तीनच रकाने पुरतात: तारीख, मैदानावर काय झालं, आणि त्या वेळी घरात काय चाललं होतं.

पण तक्त्याच्याही आधीची एक घाई आहे. पहिले आठ-दहा दिवस काहीही आवरू नका. आवरणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, तरी जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा रद्दीत जातो तो याच दिवसांत, आणि त्या गठ्ठ्यात एखादं पान मुद्दाम जपलेलं असतं. सामना बघायला ते जिथे बसत ती जागा आहे तशी टिपून घ्या: खुर्ची, टीव्हीचा कोन, रिमोटची जागा, हाताशी असलेली वही, चष्मा, रेडिओ. चारही बाजूंनी फोटो काढा आणि एक फोटो त्याच खुर्चीत बसून, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढा. मग कपाटाच्या प्रत्येक फळीचा एकेक, वस्तू न हलवता. कोणती वस्तू कशाशेजारी होती याला नंतर फार किंमत येते. तारीख नसलेलं तिकीट ज्या डायरीत सापडलं त्या डायरीचं वर्ष हाच त्याचा पहिला पुरावा असतो. रेडिओचा काटा कुठल्या स्टेशनवर आहे तेही लिहून ठेवा, कारण धूळ पुसताना तो हमखास फिरतो.

दुसरी घाई फोनची. नंबर लगेच बंद करू नका. बँकेचे, ईमेलचे, फोटोंच्या साठ्याचे ओटीपी त्याच नंबरवर येतात, आणि बराच काळ वापरात नसलेला नंबर कंपनी काढून घेऊन दुसऱ्याला देऊ शकते. गूगलचं खातं सलग दोन वर्षं कुणी उघडलं नाही तर आतल्या फोटोंसकट पुसलं जाऊ शकतं. फेसबुकला कळवलं तर खातं स्मृतिखात्यात बदलता येतं, पण त्यानंतर त्यात नेहमीसारखं लॉगिन करता येत नाही. म्हणून आधी आतलं साहित्य उतरवून घ्यायचं आणि मग कळवायचं.

फोनमधली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे सामना चालू असताना त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले व्हॉइस मेसेज. 'बघितलास का तो कॅच?' एवढं चार सेकंदांचं वाक्य असतं, पण त्यात आवाज खरा असतो. लग्नाच्या व्हिडिओत माणूस कॅमेऱ्यासाठी बोलतो, इथे तसं नसतं. हे मेसेज ज्यांना आले त्यांच्याही फोनमध्ये असतात, तेव्हा मुलं, भाचे-पुतणे, जुने सोबती, सगळ्यांकडे मागा. अँड्रॉइड फोनमध्ये या ध्वनिफायलींच्या नावातच वर्ष-महिना-दिवस असतो. नवं नाव देताना तो आकडा पुसू नका, त्याच्या पुढे नाव जोडा. आख्खं चॅट मीडियासकट एक्स्पोर्ट करण्याची सोय आहे, पण लांब चॅटमधला जुना भाग त्यातून गळतो. महत्त्वाचे मेसेज एकेक करून स्वतंत्र साठवलेले बरे. आणि तारखेबरोबर वेळही नोंदवा. १४ जुलै २०१९ ला लंडनमध्ये क्रिकेट विश्वचषकाची फायनल आणि विम्बल्डनची पुरुषांची फायनल एकाच दिवशी चालू होत्या. त्या दिवशीच्या मेसेजमध्ये 'अरे, सुटलं हातातून!' असं असेल, तर ते विम्बल्डन हरलेल्या फेडररबद्दल होतं की विश्वचषक हरलेल्या न्यूझीलंडबद्दल हे घड्याळावरूनच ठरतं.

आता तक्ता. खरं काम इथे आहे.

आठवणी गोळा करताना एका वेळी एकाच माणसाशी बोला, तीस ते चाळीस मिनिटं, त्याहून जास्त नको. चौघांना एकत्र बसवलं की ज्याचा आवाज मोठा त्याची आठवण सगळ्यांची होते. बाकीचे मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी आपलंच मूळचं चित्र विसरतात. रेकॉर्डिंग फोनवरच करा, पण फोन विमान मोडमध्ये ठेवा, घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा (नाहीतर टेबलावरची प्रत्येक टकटक आवाजात उतरते), आणि पंखा बंद करा. फाइलला बोलणाऱ्याचं नाव आणि तारीख त्याच दिवशी द्या.

प्रश्न कसा विचारता यावर सगळं अवलंबून आहे. 'ते कसे होते?' या प्रश्नाला 'फार चांगले होते' हेच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा: सामना हरल्यावर पहिला तासभर ते काय करत? शेवटच्या ओव्हरला कुणाला जागेवरून उठू देत नसत? रात्री उशिराचा सामना असला तर टीव्हीचा आवाज किती ठेवत, की नुसतं चित्र बघत? दुसऱ्या दिवशी कामावर किती वाजता निघत? मैदानावर जाताना खिशात काय काय असे? मुलांपैकी कुणाला पहिल्यांदा बरोबर नेलं, आणि गर्दीत हात कसा धरायचा म्हणून काय सांगितलं? आणि सगळ्यात शेवटी एक प्रश्न प्रत्येकाला विचाराच: कुठला सामना त्यांनी अर्धवट सोडला, आणि कशासाठी?

हा शेवटचा प्रश्न मला सर्वांत मोठा वाटतो. खेळाचं वेड आणि घरची ओढ एकाच क्षणी समोरासमोर आली तो प्रसंग यातून हाती येतो. मुलीला ताप होता म्हणून फायनलच्या रात्री दवाखान्याच्या बाकावर बसलेला माणूस निकाल दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचतो, तेव्हा त्या तारखेच्या ओळीत मैदानाच्या रकान्यासमोर लिहायचं: 'पाहिला नाही.' अशा दोन-तीन ओळी मिळाल्या तर लेखाचा कणा मिळाला असं समजा.

त्यांच्या पत्नीशी शक्यतो वेगळं आणि दोनदा बोला. मुलांना सामन्याचा उत्साह आठवतो. त्या उत्साहासाठी घरात कोण काय सोडत होतं, कुठली मालिका बघायची राहिली, कुठल्या समारंभाला एकटीनं जावं लागलं, आणि कुठल्या गोष्टीत मात्र ते सामना असो नसो कधी चुकले नाहीत, हे तिला आठवतं. पहिल्या बैठकीत ती बहुधा काही बोलत नाही. दुसऱ्या वेळी स्वतःहून सांगते.

यानंतर पडताळणी. लोकांना ती रुक्ष वाटते, पण हिच्यातूनच बऱ्याच वेळा नवं काही हाती लागतं. स्मरणशक्ती दोन सामने एकत्र शिवते, बघितलेलं आणि ऐकलेलं एक करते. तीन नेहमीची उदाहरणं सांगतो.

पहिलं, १८ जून १९८३. विश्वचषकात इंग्लंडमधल्या टनब्रिज वेल्सला झिम्बाब्वेविरुद्ध भारताचे ५ बाद १७ झाले असताना कपिल देवनं नाबाद १७५ धावा काढल्या आणि भारतानं ६० षटकांत ८ बाद २६६ पर्यंत मजल मारली. 'आम्ही सगळ्यांनी ती खेळी बाबांबरोबर टीव्हीवर पाहिली' असं सांगणारी माणसं आजही भेटतात. त्या सामन्याचं चित्रीकरणच झालं नव्हतं, त्यामुळे ती खेळी टीव्हीवर कुणीच पाहिली नाही. म्हणजे सांगणारा खोटं बोलतो असं नाही. बाबांनी ती खेळी इतक्या वेळा, हातात काल्पनिक बॅट धरून सांगितली असेल की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं, आणि पुढे ते चित्र टीव्हीचं झालं. लेखात हेच लिहा. 'पाहिली' या शब्दापेक्षा 'त्यांच्या सांगण्यातून दिसली' यात तो माणूस कितीतरी जास्त आहे.

दुसरं, एप्रिल १९९८, शारजा. वाळूचं वादळ आलं तो सामना २२ एप्रिलचा. सचिन तेंडुलकरच्या १४३ धावा झाल्या, पण ऑस्ट्रेलियाविरुद्धचा तो सामना भारत २६ धावांनी हरला, फक्त अंतिम फेरी गाठली. जिंकला तो २४ एप्रिलचा अंतिम सामना, त्यात सचिनच्या १३४, आणि तो त्याचा पंचविसावा वाढदिवस. घरोघरी या दोन रात्रींची एकच रात्र झालेली असते. 'वादळ आलं, आपण जिंकलो, बाबांनी मला खांद्यावर घेतलं' असं मुलगा सांगत असेल, तर खांद्यावर नेमकं कोणत्या रात्री घेतलं हे शोधा. दुसऱ्या दिवशी शाळा होती का, घरी पाहुणे होते का, आईनं काय म्हटलं, या घरच्या खुणांवरून रात्र ठरते. धावफलकावरून ती ठरत नाही. आणि कळलं की हरलेल्या रात्रीच खांद्यावर घेतलं होतं, तर त्या माणसाबद्दल केवढं तरी कळलं.

तिसरं तारखेच्या उंबरठ्याचं. २२ जून १९८६ ला मेक्सिकोत फुटबॉल विश्वचषकातला अर्जेंटिना विरुद्ध इंग्लंड सामना तिथल्या दुपारी १२ ला सुरू झाला. भारतीय घड्याळात तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मॅराडोनाचे दोन्ही गोल, ५१ व्या आणि ५५ व्या मिनिटाचे, उत्तरार्धातले, म्हणजे आपल्याकडे २३ जून लागली होती. घरच्या डायरीत 'काल रात्री जागरण' अशी नोंद २३ ला असेल की २४ ला, याचा गोंधळ इथूनच होतो. परदेशातल्या प्रत्येक सामन्याला तक्त्यात दोन्ही वेळा लिहा.

तारीख, सामना आणि घर यांच्या याच साखळीचा उलटा उपयोग जुन्या फोटोंची तारीख काढायला होतो. घरातल्या समारंभाच्या फोटोत मागे टीव्ही चालू असेल तर तो भाग १२०० डीपीआयला (इंचाला १२०० ठिपके) स्कॅन करून मोठा करून बघा. पडद्यावरच्या पट्टीत संघांची नावं, धावा, बळी यांपैकी दोन गोष्टी जरी वाचता आल्या तरी सामना सापडतो, बऱ्याचदा षटकासकट. एकच सावधगिरी: टीव्हीवर जुन्या सामन्यांची क्षणचित्रं पुन्हा दाखवतात. म्हणून फोटोतला दुसरा पुरावा, भिंतीवरचं कॅलेंडर किंवा मुलाच्या पडलेल्या दातांची जागा, जुळल्याशिवाय तारीख पक्की धरू नका. कसोटी सामन्यानं नुसती पाच दिवसांची चौकट मिळते, आणि जुन्या कसोट्यांत मधे विश्रांतीचा दिवसही असे. दिवसअखेरचा धावफलक मिळाला तर नेमका दिवस हाती येतो.

स्कोअरबुक किंवा धावा लिहिलेली वही सापडली तर ती सगळ्यांत आधी हातात घ्या. घरी बसून चेंडूगणिक लिहिणारे चाहते कमी नव्हते. टिंब म्हणजे धाव नाही, निर्धाव षटकाची सहा टिंबं जोडून इंग्रजी एम काढतात, त्यात बळी असेल तर डब्ल्यू. वाइडला अधिकचं चिन्ह, नो-बॉलला वर्तुळ, बायला त्रिकोण आणि लेगबायला उलटा त्रिकोण, असा सर्वसाधारण रिवाज. तरी प्रत्येकाची एखादी स्वतःची खूण असतेच, सुटलेल्या झेलाला, चुकीच्या वाटलेल्या निर्णयाला. दोन-चार सामने छापील धावफलकाशी ताडून पाहिले की ती उलगडते. बेरजा तपासताना एक लक्षात ठेवा: पूर्वी वाइड आणि नो-बॉल गोलंदाजाच्या खात्यावर धरत नसत, त्यामुळे जुन्या वहीत गोलंदाजांच्या धावांची बेरीज एकूण धावांपेक्षा कमी आली म्हणून ती चूक ठरत नाही.

आणि मग धावांपलीकडचं वाचा. मधलीच तीन षटकं कोरी आहेत, म्हणजे ते उठून गेले होते. कुणी आलं, वीज गेली, की बाळ रडलं? मधेच दोन षटकांचं अक्षर बदललं आहे, गोल, मोठं, रेघेबाहेर जाणारं. त्या दोन षटकांसाठी पेन कुणाच्या तरी लहान हातात दिलं होतं. ते अक्षर कुणाचं हे घरात विचारा. एवढ्या एका पानावर अख्खा लेख उभा राहू शकतो, आणि राहिला तर बाकीची वही बाजूला ठेवायला कचरू नका.

कागद जपण्याविषयी थोडक्यात, कारण चुका त्याच त्या होतात. तिकिटांपैकी गुळगुळीत, पावतीसारख्या कागदावरची छपाई उष्णतेनं उमटलेली असते. ती उजेडात, उन्हात आणि नुसत्या काळानंही उडते. मऊ पीव्हीसीच्या पारदर्शक खिशात ठेवली तर आणखी लवकर उडते, कारण त्या प्लॅस्टिकमधले मऊपणा आणणारे पदार्थ छपाईवर चढतात. लॅमिनेशन तर नकोच, यंत्राच्या उष्णतेनं सगळं तिकीट काळं पडतं. अशी तिकिटं मिळाल्याच दिवशी ६०० डीपीआयला, दोन्ही बाजूंनी स्कॅन करा आणि मूळ प्रत आम्लमुक्त कागदाच्या पाकिटात अंधारात ठेवा. वर्तमानपत्राची कात्रणं पिवळी पडतात ती कागदातल्या लिग्निनमुळे, आणि त्यातलं आम्ल शेजारच्या कागदावरही डाग पाडतं. म्हणून फोटो आणि कात्रण कधीच पाठीला पाठ लावून ठेवू नये. जुनी सेलोटेप ओढून काढू नका. तिचा गोंद कागदात मुरलेला असतो, ओढली की अक्षरासकट थर निघतो. टाचण्या आणि स्टेपल मात्र गंजण्याआधी सोडवून घ्या. कात्रण कापलेलं असेल तर मागच्या बाजूचाही स्कॅन घ्या. मागच्या अर्धवट जाहिरातीवरून किंवा बातमीवरून तारीख निघते.

चिकट पानांच्या अल्बममधले फोटो नखानं उचकटू नका. दात साफ करायचा बिनमेणाचा दोरा (डेंटल फ्लॉस) फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू सरकवला की बहुतेक सुटतात. न सुटले तर पानासकट स्कॅन करा. काचेला चिकटलेला फोटो काचेसकटच स्कॅन करायचा.

व्हिडिओ कॅसेटबद्दल एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. लेबलवर सामन्याचं नाव दिसलं की घरचे म्हणतात, हा सामना तर इंटरनेटवर आहे, आणि कॅसेट टाकून देतात. ई-१८० कॅसेटवर तीन तास मावतात, एकदिवसीय सामना सात तासांच्या पुढे जातो. त्यामुळे लोक शेवटची षटकं तेवढी टिपत, आणि पुष्कळदा आधीच्या कुठल्या तरी टेपवर. सामना संपल्यावरही टेप शेवटपर्यंत चालू द्या. उरलेल्या दहा-पंधरा मिनिटांत बारसं, वाढदिवस, अंगणातला कुणाचा तरी खेळ शिल्लक असतो, आणि कॅमेऱ्यामागून बोलणारा आवाज बहुधा त्यांचाच. चालवण्याआधी खिडकीतून टेपच्या कडा बघा. पांढरी भुकटी किंवा तंतू दिसले तर ती बुरशी आहे. तशी टेप यंत्रात घातली तर हेड खराब होतं आणि पुढच्या प्रत्येक टेपला लागण होते, म्हणून ती जाणकाराकडेच द्या. चांगल्या टेपच्या कडेची छोटी प्लॅस्टिकची पट्टी आधी मोडून टाका, म्हणजे चुकूनही वरून काही टिपलं जाणार नाही. साठ मिनिटांची ऑडिओ कॅसेट उतरवायला साठ मिनिटंच लागतात, त्यात घाई चालत नाही. मूळ प्रत डब्ल्यूएव्हीमध्ये (आवाज न दाबणारा फाइलप्रकार), ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटला ठेवा, वाटण्यासाठी एमपी३ काढा. सगळ्याच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्याच्या घरी.

जर्सीवरचा छापील क्रमांक उष्णतेनं चिकटवलेला असतो. तो उष्णतेनंच भेगाळतो, आणि छाप्याला छापा लावून घडी घातली तर एकमेकांना चिकटतो. धुवायची तर उलटी करून थंड पाण्यात, आणि छाप्यावर इस्त्री नाही. सही असलेली जर्सी धुवायचीच नाही. घड्यांमध्ये आम्लमुक्त पातळ कागद ठेवा, डांबरगोळ्या नकोत. लोकरी मफलरला कसर लागल्याचा संशय असेल तर हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये किमान दोन आठवडे ठेवा. चौकटीत लावताना कापड टाक्यांनी धरायचं, गोंदानं कधीच नाही, आणि काच कापडाला टेकू द्यायची नाही. अतिनील किरणं अडवणारी काच सहीचं फिकट होणं लांबवते, थांबवत नाही, म्हणून खिडकीसमोरची भिंत टाळा. सहीबद्दल लिहिताना 'अमुकची सही' असं न लिहिता 'त्यांच्या सांगण्यानुसार अमुकची सही, अमुक साली घेतलेली' असं लिहा. एक जुना, धुतलेला नसलेला शर्ट वासासाठी जपायचा असेल तर तो पूर्ण कोरडा आहे याची खात्री करून मगच पिशवीत बंद करा. ओल राहिली तर महिन्याभरात वासाच्या जागी बुरशी येते.

वस्तू वाटायची वेळ येईल तेव्हा तिकिटांचा संच आणि वह्या फोडू नका. त्या एकाकडे राहू द्या, बाकीच्यांना स्कॅन द्या. एकेक तिकीट आठवण म्हणून वाटलं की क्रम जातो, आणि क्रमातच त्यांचं आयुष्य असतं: कुठल्या वर्षापर्यंत एकच तिकीट आहे, कुठल्या वर्षापासून दोन, कुठल्या वर्षी चार, आणि मग पुन्हा एक.

आता लिहिणं. तक्त्यात चाळीस-पन्नास ओळी जमल्या असतील तर लेखासाठी पाच ते सात निवडा. निवडीचा माझा नियम कडक आहे: मैदानाच्या रकान्यात केवढाही मोठा सामना असो, घरचा रकाना रिकामा असेल तर ती ओळ घ्यायची नाही. २५ जून १९८३ ला लॉर्ड्सवर १८३ धावांचं रक्षण करून भारतानं वेस्ट इंडिजला १४० वर रोखलं, हे वाचणाऱ्याला ठाऊक असतं. त्या रात्री त्यांनी सर्वांत आधी कुणाला झोपेतून उठवलं, हे फक्त तुम्हाला ठाऊक आहे. चाहत्यांवरचे लेख बिघडतात ते बहुतेक इथेच. लिहिणाऱ्याला सामना सांगण्यात मजा येते, सामन्याचे चार परिच्छेद होतात, आणि माणूस शेवटी दोन विशेषणांत उरतो. सामन्याला एका ओळीत बसवा, फार तर दोन.

सुरुवात जन्मतारखेनं करू नका. एका सामन्याच्या दिवशीची सकाळ घ्या: किती वाजता उठत, कुठली कामं आधी उरकत, कुणाला काय बजावत. वाचणारा थेट घरात येतो. जन्म, शिक्षण, नोकरी, लग्न हे तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात सावकाश येऊ द्या. 'आयुष्याची इनिंग संपली', 'काळानं त्रिफळा उडवला', 'देवाच्या संघात निवड झाली' असली वाक्यं टाळा. ती लिहिताना जवळची वाटतात, पण हजारदा वापरून बोथट झाली आहेत, आणि ती येताच ओळखीचा माणूस पानावरून दिसेनासा होतो.

अवघड गोष्टीही लिहाव्यात. हरल्यावर ते दोन-दोन तास बोलत नसतील, रिमोट आपटला असेल, कुणाच्या वाढदिवसाला उशिरा आले असतील, तर एक नेमका प्रसंग तारखेसह लिहा आणि त्यावर टीका किंवा सारवासारव करू नका. ज्याच्याशी तो घडला त्याची परवानगी मात्र आधी घ्या. नकार आला तर प्रसंग गाळा, गोल-गोल शब्दांत सुचवू नका. त्यानं शंका वाढते.

लेख आठशे ते बाराशे शब्दांत बसतो. सभेत बोलायचं असेल तर हिशोब वेगळा. गळा दाटून आलेला असताना मिनिटाला शंभर शब्दांपलीकडे जाता येत नाही, म्हणजे पाच मिनिटांना पाचशे शब्द आणि तीन सामने. कागद मोठ्या अक्षरात, एकाच बाजूला छापलेला, पानांना क्रमांक घातलेले. दुसरी प्रत अशा कुणाच्या हाती द्या, जो अडल्यास उठून पुढचं वाचू शकेल. सर्वांत हळवी ओळ शेवटी न ठेवता मधे ठेवा, म्हणजे तिच्यानंतर सावरायला दोन परिच्छेद मिळतात.

छापायला देण्याआधी लेख दोघांना वाचून दाखवा. एक त्यांच्याबरोबर सामने बघणारा जुना सोबती, जो खेळाडूंची नावं आणि धावा पकडेल. आणि दुसरी ती, जिनं त्यांच्याबरोबर सर्वाधिक वर्षं काढली. वाचून दाखवताना ती मधेच 'नाही, तसं नव्हतं' म्हणाली, तर वाचणं थांबवा आणि रेकॉर्डर चालू करा.

पुस्तिका काढणार असाल तर मजकूर फक्त उजव्या पानावर छापा आणि डावी पानं कोरी ठेवा, कागद पेनची शाई न फुटणारा घ्या. पहिल्या वर्षात जो जो वाचेल त्याला काहीतरी आठवेल: अमुक सामन्याला मीही होतो, ती खुर्ची आधी खिडकीपाशी होती, त्या दिवशी पाऊस नव्हता. पुस्तिकेबरोबर एक पेन बांधून द्या आणि पहिल्या डाव्या पानावर तारखेसाठी रेघ आखून ठेवा.